शेवट सांगायचा नाही

पुस्तकांवर गप्पा मारायला लोक वाचनालयात जातात, फार तर कुणाच्या ओसरीवर बसतात. हे तिघं मात्र उमरोळी स्टेशनवर भेटायचे. भगवंतराव बोईसरला राहायचे, हंसाबाई पालघरला आणि पुंडलिक तांडेल मुरब्याला. उमरोळी तिघांनाही सारखीच गैरसोयीची, त्यामुळे कुणी कुणावर उपकार केले असं व्हायचं नाही. फलाटाच्या टोकाला भेंडीच्या डेरेदार झाडाखाली एक बाकडं होतं. रविवारी दुपारची शटल निघून गेली की तिथं कुत्रंही फिरकत नसे, आणि मग या तिघांच्या पिशव्या उघडायच्या.

भगवंतराव मूळचे कराडकडचे. बोईसरला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा एका सुताच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला आले आणि तिथूनच रिटायर झाले. हंसाबाई शाळेतून निवृत्त होऊन पालघरच्या एका लहानशा वाचनालयात दुपारच्या बसायच्या. पुस्तकं यायची ती त्यांच्या पिशवीतून. पुंडलिक तांडेलांनी उभा जन्म बोटीवर काढला होता. पाठीनं दगा दिला तेव्हा ते किनाऱ्याला लागले, आणि सुकत घातलेल्या बोंबलांची राखण करता करता वाचायला लागले. त्यांच्याकडून परत आलेल्या पुस्तकाला असा काही वास यायचा, की वाचनालयातले इतर सभासद नाक दाबून ते खालच्या फळीवर ढकलत. हंसाबाई कुणाला दाद देत नसत. वास येतोय म्हणजे पुस्तक वाचलं गेलंय, एवढंच त्या म्हणायच्या.

पुस्तकांची नावं लक्षात ठेवायची या मंडळींना सवय नव्हती. ‘दोन सवतींचं’, ‘ते कोर्टातलं’, ‘मुक्या पोरीचं’ अशीच त्यांची ओळख चालायची. ज्यानं आठवड्यात जे वाचलं ते त्यानं सांगायचं, बाकीच्यांनी मध्ये फाटे फोडायचे, आणि पटलं तर पुस्तक मागून घ्यायचं. नियम एकच होता आणि तो भगवंतरावांनीच घातलेला होता: शेवट सांगायचा नाही. अगदी सुरुवातीला तांडेलांनी एका खुनाच्या गोष्टीतला खुनी भर बाकड्यावर सांगून टाकला होता, आणि भगवंतरावांनी दिवाळीपर्यंत त्यांच्याशी नीट बोलणं टाकलं होतं. तांडेलांना नियम चटकन पटला. बोट किनाऱ्याला टेकेपर्यंत डोलीच्या जाळ्यात किती मासळी आली हे त्यांच्या घरात कुणी बोलत नसे, तसंच हे, असं ते म्हणाले.

शेवटाच्या बाबतीत भगवंतराव नाकाने कांदे सोलणारे होते. पुस्तक गोड संपलं की त्यांचं तोंड कडू व्हायचं. लेखक भ्याला, असं म्हणून ते पुस्तक परत करायचे. माणसं शेवटी जशी एकटी पडतात तशी ज्याला पाडता येतात तोच खरा लिहिणारा, हे त्यांचं मत बाकड्यालासुद्धा पाठ झालं असेल. बोईसरच्या चाळीत त्यांना हे मत कुणी विचारलं नसतं. चाळीत ते कारखान्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. बाकड्यावर मात्र त्यांचा शब्द घेतल्याशिवाय पुस्तकाचा निकाल लागत नसे, आणि त्या एका दुपारच्या जोरावर ते उरलेला आठवडा काढायचे.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी ओळीचं शेवटचं अक्षर सापडेना, मग पान कडेनं कुरतडल्यासारखं दिसायला लागलं. त्यांनी चष्मेवाल्याला दोष दिला, विजेच्या दाबाला दिला, छापखानेवाल्यांना दिला. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकते ते बघायचं, हेही सांगितलं. ती फार टिकली नाही. पावसाळा सरता सरता त्यांना माणसाचा आकार दिसत होता, दाराचा उजेड दिसत होता, आणि पुस्तकाचं पान म्हणजे नुसता पांढरा तुकडा झालं होतं.

बाकड्यावर त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. आंधळ्या माणसाला लोक रस्ता ओलांडून देतात, त्याच्याशी मोठ्यानं बोलतात, त्याच्या हातात प्रसाद ठेवतात. पुस्तक कसं वाटलं, असं त्याला कोण विचारणार? ते विचारणं थांबलं की आपल्यात काही उरत नाही, हे भगवंतरावांना स्वच्छ कळत होतं, आणि त्याची त्यांना भीती वाटत होती.

त्यांनी मैनाबाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, वाचायला बसवून पाहिलं. मैनाबाईंची शाळा लवकर सुटलेली. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत वाचायच्या. एका परिच्छेदात चहा निवायचा, आणि वाक्य संपेपर्यंत त्याचं तोंड कुठं होतं हे दोघंही विसरलेले असायचे. एके दिवशी भगवंतराव खेकसले, राहू दे, यापेक्षा गिरणीची घरघर बरी. मैनाबाईंनी पुस्तक मिटलं, पदरानं पुसलं आणि फळीवर ठेवलं. त्यानंतर त्यांनी पुस्तकाला हात लावला तो फक्त धूळ झटकायला. भगवंतरावांना आपल्या जिभेची लाज वाटली, पण माफी मागायची त्यांच्या घराण्याला सवय नव्हती.

त्याच सुमारास मैनाबाईंना अचानक शोध लागला की उमरोळीला भाजी ताजी मिळते. दर रविवारी त्या नवऱ्याबरोबर शटलमध्ये चढायच्या, उमरोळीला उतरायच्या आणि पलीकडच्या बाकावर पिशवी घेऊन बसून राहायच्या. उतरताना त्यांनी कोपराला हात लावला की भगवंतराव तो झटकून टाकायचे. फलाट त्यांच्या पायांना पाठ होता. भाजी बोईसरलाही तीच मिळते हे दोघांनाही माहीत होतं.

गंमत अशी की सोंग छान वठलं. सांगायची पाळी आली की ‘आधी तुमचं होऊ द्या’ म्हणत ते ती पुढं ढकलायचे. बाकीचे दोघं जे सांगत त्यावरून पुस्तकाचा अंदाज यायचा, आणि मत द्यायला भगवंतरावांकडे आयुष्यभराचा साठा होता. मधला भाग सैल आहे, म्हणायचं. भाषा गोड आहे पण दम नाही, म्हणायचं. ही मतं बहुतेक पुस्तकांना बसतात, त्यामुळे कुणी हरकत घेत नसे. शिवाय त्यांचाच नियम त्यांच्या पाठीशी उभा होता. शेवट बोलायचाच नाही म्हटल्यावर त्यांना पकडणार कोण?

पण त्या नियमाचा जाचही त्यांनाच झाला. ऐकलेली सगळी माणसं त्यांच्या डोक्यात अर्ध्या वाटेवर उभी होती. कोर्टातल्याला सोडलं की लटकवलं? थोरल्या सवतीनं दार उघडलं का? पूर्वी एका रात्रीत याचा निकाल लागायचा. आता पुस्तक उशाशी असूनही लागत नव्हता. ‘मुक्या पोरीचं’ पुस्तक असंच आठवडाभर उशाशी ठेवून त्यांनी परत आणलं आणि जरा जास्तच बोलून गेले. तांडेलांच्या हातात देताना म्हणाले, वाचाच, शेवट तर जबरदस्त आहे. पुढच्या रविवारी तांडेलांनी ते हंसाबाईंना परत केलं. चांगलं हाय, इतकंच म्हणाले आणि तंबाखू मळत बसले.

त्यानंतर एक-दोन रविवारांनी तांडेलांनीच विषय काढला. ते म्हणाले, “भगवंतराव, ह्यो नियम आता मोडू या. आपली वयं झाली. कोन कवा कुठलं पुस्तक पुरं करंल, काय सांगता येतं? शेवटासकट सांगू या.”

भगवंतरावांनी शोभेपुरता विरोध केला. नियमाशिवाय वाचनाला शिस्त राहत नाही वगैरे बोलले. हंसाबाईंनीही तांडेलांच्या बाजूनं मत दिलं तेव्हा नाइलाज झाल्यासारखा चेहरा करून त्यांनी मान हलवली, आणि त्या दिवशी घरी जाताना गाडीत ते चक्क गुणगुणले. इतकं सुदैव आपल्या वाट्याला कसं आलं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. सुदैवाला प्रश्न विचारायची त्यांना सवयच नव्हती, ते फारसं कधी आलंच नव्हतं.

मग शेवट येऊ लागले. कोर्टातला सुटला. थोरल्या सवतीनं दार उघडलं आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. हरवलेला मुलगा जत्रेत सापडला. पहिले काही महिने भगवंतराव नुसते ऐकून तृप्त व्हायचे. डोक्यात ताटकळलेली माणसं एकेक करून घरी जात होती. पुढं मात्र त्यांच्या तोंडाला जुनी कडू चव यायला लागली. सगळीच कशी सुखरूप पोचतात? हल्लीचे लेखक भित्रे झालेत, असं ते बाकड्यावर म्हणाले. तांडेलांनी खाली बघितलं असेल तर ते त्यांना दिसलं नाही. हंसाबाई म्हणाल्या, असेल, काळच तसा आहे.

असंच वर्ष गेलं. एका रविवारी तांडेल सांगू लागले, की एका दुष्काळी गावात एक माणूस विहीर खणायला घेतो. गाव आधी मदतीला येतं, मग पाणी लागत नाही म्हणून हळूहळू पांगतं, आणि हा एकटाच खणत राहतो. एवढं ऐकलं आणि भगवंतराव ताठ बसले. हे पुस्तक त्यांनी वाचलं होतं. कराडला, वसतिगृहाच्या खोलीत, ऐन विशीत. ते संपलं त्या संध्याकाळी ते जेवले नव्हते.

त्यांना झालेला आनंद सांगून कळायचा नाही. किती दिवसांनी एक पुस्तक त्यांच्या मालकीचं निघालं होतं. आज उसनी मतं नकोत, अंदाज नकोत. त्या माणसाची बायको भाकरी घेऊन विहिरीच्या काठावर येते आणि खाली अंधारात त्याचं नुसतं टोपलं हलताना तिला दिसतं, ते वाक्य कुठल्या बाजूच्या पानावर होतं हेसुद्धा त्यांना आठवत होतं. त्यांनी ठरवलं, तांडेलांना शेवटापर्यंत जाऊ द्यायचं आणि मग आपण बोलायचं. त्या पुस्तकात म्हातारपणी तो माणूस हार मानतो. गुरंवासरं पडू नयेत म्हणून आपली विहीर आपणच बुजवतो. शेवटचं टोपलं मातीवर उपडं ठेवतो आणि घरी जातो. त्या उपड्या टोपल्यावर काय काय बोलायचं हे त्यांनी मनात जुळवूनही ठेवलं.

तांडेल शेवटाला आले. त्यांचा आवाज जरा वर गेला. “आनि एक दिवस पहारीला ओल लागली. मग झरा फुटला. सगला गाव धावला. पानी बघून म्हातारा नुसता हसत व्हता, भगवंतराव. नुसता हसत व्हता.”

पलीकडच्या रुळावरून एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत कुणाला बोलता येणार नव्हतं, आणि तेवढ्यात भगवंतरावांना सगळं समजलं. फक्त हेच पुस्तक नाही, वर्षभराची सगळी. कोर्टातला सुटला नव्हता. दार उघडलं नव्हतं. नियम मोडला तो त्यांच्यासाठी मोडला होता, आणि ते बाकड्यावर मतं देत बसले होते तेव्हा समोरचे दोघं आंधळ्याला रस्ता ओलांडून देत होते. गप्प बसावं, असं एकदा वाटलं. गप्प बसले असते तर निदान रविवार तसेच चालू राहिले असते.

“आणि टोपलं?” त्यांनी विचारलं.

बाकडं करकरलं, तांडेल सावरून बसले.

“शेवटी टोपलं उपडं ठेवतो तो. पाणी लागत नाही, तांडेल. मी वाचलंय ते.”

तांडेलांनी हातातली तंबाखू झटकून टाकली. मग त्यांनी सांगितलं, की मुक्या पोरीच्या पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती. हंसाबाईंनासुद्धा ते आधी ठाऊक नव्हतं. भगवंतराव शेवट जबरदस्त म्हणाले आणि तांडेलांनी घरी जाऊन पुस्तक उघडलं तर शेवटच नव्हता. मग दोघांनी मैनाबाईंना गाठलं. मैनाबाईंनी काही सांगितलं नाही, पण त्या रडल्या. विचारायचं नाही, असं हंसाबाईंनीच ठरवलं. शेवट गोड करायचे हे मात्र तांडेलांचं डोकं. आधीच डोळे गेलेल्या माणसाला आणखी वाईट काय म्हणून सांगायचं, असं त्यांना वाटलं.

“गोड शेवट मला आवडत नाहीत, हे तुम्हाला माहीत नव्हतं?”

“ठाव व्हतं,” तांडेल म्हणाले. “पन माजी सवयच तशी. बोट परत नाय आली की तिच्या घरी निरोप मलाच न्यावा लागं. दारात उभा राहून मी कवाच एकदम बोललो नाय. म्हनायचो, मागं राहिलीय, येल.”

“मग घरातल्या बायका काय म्हणायच्या?”

“काय नाय. चा ठेवायच्या.”

भगवंतरावांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं त्यांनी बाकीच्या पुस्तकांचे खरे शेवट मागितले. कोर्टातल्याचा तरी सांगा, म्हणाले. तेव्हा तांडेलांनी जे सांगितलं ते ऐकून हंसाबाईसुद्धा चमकल्या. खरे शेवट तांडेलांना ठाऊकच नव्हते. वाचले तर तोंडातून तेच येतील या भीतीनं त्यांनी वर्षभरात एकाही पुस्तकाची शेवटची पानं वाचली नव्हती. पुस्तक शेवटाला आलं की ते मिटायचे आणि बोंबील राखत आपल्या मनाचा शेवट जुळवायचे. वाचायचं वेड लागलेल्या माणसानं हे केलं होतं. यावर रागावायचं तरी कसं, हे भगवंतरावांना कळेना, आणि रागावता येत नाही याचाच त्यांना जास्त राग आला.

हंसाबाई म्हणाल्या, माझ्याही आता नीट लक्षात नाहीत, ती सगळी पुस्तकं मी पुन्हा आणते, हवं तर वाचून दाखवते. वाचून दाखवते हा शब्द भगवंतरावांना तोंडात मारल्यासारखा लागला. नको, असंच सांगा पूर्वीसारखं, फक्त खरं सांगा, एवढं ते बोलले. तांडेलांनी दर्याची शपथ घेतली. पुढच्या रविवारपासून पुस्तकात असेल तेच सांगायचं ठरलं.

पुढच्या रविवारी भगवंतराव गेले. न जाऊन दुसरं जायचं कुठं होतं? तांडेलांनी दोन भावांचं पुस्तक आणलं होतं. शेतावरून वैर झालेलं, जन्मभर तोंड न बघणारे भाऊ. तांडेलांनी ते फार चांगलं सांगितलं. म्हातारपणी थोरल्याला राहवत नाही, तो धाकट्याच्या गावी जातो, तर दाराला कुलूप. तो पायरीवरच बसून राहतो आणि तिथंच त्याचा जीव जातो. आणि धाकटा त्याच दिवशी थोरल्याच्या दारात येऊन बसलेला असतो. इथं पुस्तक संपलं, असं तांडेल म्हणाले.

भगवंतरावांच्या अंगावर काटा आला. शेवट असा असावा, असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले होते. अगदी असाच. आणि तो काटा अंगावर असतानाच त्यांच्या मनात आलं, की अगदी असाच कसा? त्यांना काय आवडतं हे तांडेलांना पक्कं ठाऊक होतं. गोड रचणाऱ्या माणसाला कडू रचायला कितीसा वेळ लागणार? माणूस दुखावलाय, त्याला हवा तसा शेवट देऊ, असं त्या भल्या जिवाला वाटलं नसेल कशावरून?

“पुस्तकात असंच आहे?” त्यांनी विचारलं.

“अस्संच हाय. दर्याची आन. हंसाबाईंना इचारा, त्यांनी बी वाचलंय.”

हंसाबाई हो म्हणाल्या. वर्षभर त्या प्रत्येक शेवटाला होच म्हणत आल्या होत्या.

भगवंतरावांनी पुस्तक मागून घेतलं. मांडीवर ठेवून शेवटचं पान उघडलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब धरलं, मग उजेडाकडे वळवलं. पान पांढरं होतं. त्याला बोंबलाचा वास येत होता, म्हणजे ते तांडेलांच्या हातांखालून गेलं होतं, पण त्यावर काय लिहिलंय ते वासावरून कळत नाही. तांडेल खरं बोलत असतील. बहुतेक बोलतच असतील. पण इथून पुढं ते जे सांगतील ते खरं की दयेचं हे भगवंतरावांना कधीच कळणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडून, अगदी मैनाबाईंकडून वाचून घेतलं तरी त्यातही दया नसेलच, अशी खात्री देणारं माणूस जगात उरलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं. चांगला आहे शेवट, म्हणाले. लेखक भ्याला नाही.

परतीची शटल आली. मैनाबाईंनी त्यांना खिडकीशी बसवलं आणि रिकामी पिशवी मांडीवर घेऊन त्या शेजारी बसल्या. भाजी घ्यायचं त्या दिवशी त्या विसरल्याच होत्या. पलीकडच्या बाकापर्यंत तांडेलांचा आवाज पोचला असावा, कारण गाडी सुटल्यावर त्यांनी कधी नव्हे ते पुस्तकाबद्दल विचारलं.

“त्या दोन भावांचं मग शेवटी काय झालं?”

“मला कसं कळणार?” भगवंतराव म्हणाले.

बोईसर आलं. उतरताना मैनाबाईंनी त्यांचं कोपर धरलं, आणि त्यांनी तो हात झटकला नाही.